भूत, कॉल नंबर आणि दोन ग्रंथपाल

भुताच्या गोष्टीत ग्रंथपाल दिसला की मी एक कसोटी लावते. त्याला उठवून त्याच्या खुर्चीत तलाठी बसवला तर गोष्ट चालते का? चालत असेल, तर लेखकाला ग्रंथपाल नकोच होता. चष्मा, धूळ आणि कुलूपबंद कपाट एवढंच हवं होतं. अशा गोष्टी ढिगाने आहेत. त्यातल्या ग्रंथपालबाई दुपारच्या शांततेत चामडी बांधणीचा एक ग्रंथ उघडतात, मोठ्याने दोन ओळी वाचतात, दिवे जातात आणि पुढची दोनशे पानं बाई नुसत्या किंचाळतात. अहो बाई, दाखलनोंद नसलेलं पुस्तक कपाटात आलं कुठून, ते तरी बघा आधी!

मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. १२ ऑगस्ट हा भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथनांचा जन्मदिवस, म्हणून ग्रंथपाल दिन. दरवर्षी त्या दिवशी फोटोला हार, चार टेबलांवर पुस्तक प्रदर्शन आणि वाचनाचे महत्त्व या विषयावर भाषण. भाषणाला पोरं येतात ती हजेरीच्या धाकाने. यंदा ठरवलं, भाषण नको, भुताची गोष्ट वाचायची, आणि तीही आपल्याच धंद्यातली. त्यासाठी दोन जुन्या इंग्रजी कथा काढल्या: एच. पी. लव्हक्राफ्टची 'द डनविच हॉरर' (१९२९) आणि एम. आर. जेम्सची 'द ट्रॅक्टेट मिडॉथ' (१९११). दोन्हींत ग्रंथालयातला माणूस त्या पलीकडच्या गोष्टीसमोर थेट उभा ठाकतो. दोन्ही माझ्या कसोटीला उतरतात. एक शेवटपर्यंत, दुसरी पाऊण वाटेपर्यंत.

आधी डनविच, कारण बोलबाला तिचाच जास्त. मॅसॅच्युसेट्समधलं एक आडबाजूचं, लेखकाने कल्पनेतून वसवलेलं गाव. तिथे २ फेब्रुवारी १९१३ ला विल्बर व्हॅटली नावाचं पोर जन्मतं. बाप कोण, कुणाला ठाऊक नाही. साडेचार वर्षांचा असताना तो पंधराचा दिसतो, पुढे उंची जाते आठ फुटांवर. कुत्री त्याला बघितलं की पिसाळतात. घरात गुरं विकत आणली जातात, सारखी आणली जातात, तरी गोठ्यातली संख्या काही वाढत नाही. हे सगळं लव्हक्राफ्ट सावकाश, जरा जास्तच सावकाश सांगतो. विशेषणांचा त्याला सोस आहे. पहिली काही पानं चाळत गेलात तरी बिघडणार नाही.

खरी कथा सुरू होते ती ग्रंथालयात. विल्बरच्या घरी नेक्रोनोमिकॉन नावाच्या एका भयंकर ग्रंथाची इंग्रजी प्रत आहे, पण फाटकी. त्याला नेमका त्यात ७५१ व्या पानावर येणारा मजकूर हवा आहे. ती फाटकी प्रत घेऊन तो मिस्कॅटॉनिक विद्यापीठाच्या (हेही काल्पनिकच) ग्रंथालयात येतो, कारण लॅटिन प्रत तिथे कुलपात आहे. समोर आहेत ग्रंथपाल डॉ. हेन्री आर्मिटेज, पांढऱ्या दाढीचे, तीन-तीन विद्यापीठांच्या पदव्या घेतलेले गृहस्थ.

विल्बर बसून दोन्ही प्रती ताडून बघतो. आर्मिटेज त्याच्या खांद्यावरून डोकावतात आणि तो लॅटिन मजकूर मनात उलगडत जाताना त्यांच्या अंगावर काटा येतो. मग विल्बर विचारतो, पुस्तक घरी नेऊ द्याल का? नीट सांभाळीन. आणि वर हेही सांगतो की ही आमची प्रत अशी झालीय ना, ती काही मी केलेली नाही! इथे मला वाचन थांबवावं लागलं, कारण काउंटरवरच्या आमच्या सहायक मॅडम हसून हसून टेबलावर कोसळल्या होत्या. सेमिस्टर संपल्यावर पुस्तक परत करायला येणारं प्रत्येक पोर हेच बोलतं: 'मॅडम, मी घेतलं तेव्हाच असं होतं.' आठ फुटी, बापाचा पत्ता नसलेला, जगबुडी घडवायला निघालेला प्राणीही काउंटरवर हेच बोलणार, यावर माझा तत्काळ विश्वास बसला.

आर्मिटेज नाही म्हणतात. हवा तो भाग उतरवून घे, असं सांगायला ते जवळजवळ तयार होतात, आणि शेवटच्या क्षणी तेही सांगत नाहीत. म्हणजे आजच्या हिशेबात झेरॉक्ससुद्धा नाकारली. आता ही आमच्या व्यवसायातली फार अवघड जागा आहे. रंगनाथनांचे पाच नियम १९३१ सालचे, कथेनंतरचे. पुस्तके वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळो, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेलं. तिसरा नियम मनात ठेवून डनविच वाचून बघा. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळतो, आणि या पुस्तकाला विल्बर मिळालाय. यावर पोरांची जी जुंपली ती आमच्या कुठल्याच परिसंवादात कधी जुंपली नव्हती. एक मुलगी म्हणाली, चेहरा आवडला नाही म्हणून पुस्तक नाकारलं, उद्या कुणालाही नाकारतील. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, 'त्याने आरटीआय टाकला असता तर?' मला उत्तर सुचलं नाही. आर्मिटेजनी नकाराचं कारण लेखी दिलेलं नाही, हे खरंच आहे.

पण खरी वाहवा पुढच्या गोष्टीला. जाताजाता विल्बर म्हणतो, हार्वर्डवाले कदाचित इतके काटेकोर नसतील. तो गेल्यावर आर्मिटेज ना ताईत बांधतात, ना उंबऱ्यावर रेघ ओढतात. त्या ग्रंथाची प्रत ज्यांच्या ताब्यात आहे त्या सगळ्या ग्रंथपालांना ते कळवतात की हा माणूस आला तर देऊ नका. वर चौकशीला लागतात: पत्रव्यवहार, जुनी कात्रणं, गावच्या डॉक्टरकडे विचारपूस. सैतानाला पहिला अडसर पडतो तो एका आंतरग्रंथालयीन पत्राने. आमच्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, पण 'अमुक सभासद पुस्तकं बुडवतो, सावध राहा' एवढा निरोप मी अजून पाहिलेला नाही.

या प्रतींची यादी करताना लव्हक्राफ्टने एक खोडी केली आहे. हार्वर्डची वाइडनर लायब्ररी, पॅरिसचं राष्ट्रीय ग्रंथालय, ब्रिटिश म्युझियम, ब्युनोस आयर्सचं विद्यापीठ, अशा खऱ्या संस्थांच्या पंगतीत त्याने आपलं खोटं विद्यापीठ आणि खोटा ग्रंथ बसवला. परिणाम असा की नेक्रोनोमिकॉन खरंच आहे असं मानणारे लोक आजही भेटतात, आणि परदेशातल्या काही ग्रंथालयांच्या कार्ड कॅटलॉगमध्ये थट्टेखोरांनी त्याची कार्डंही घुसवली होती. आमच्याकडे एका मुलाने मागणीपत्रक भरून दिलं होतं. ग्रंथाचं नाव, लेखक 'अब्दुल अलहाझ्रेद', प्रकाशक रिकामा. मी त्यावर 'उपलब्ध नाही' असा शिक्का मारला. तो धूर्तपणे हसून गेला, जणू मी कपाटाची किल्ली पदरात लपवून ठेवली आहे.

विल्बर ३ ऑगस्ट १९२८ च्या पहाटे ग्रंथालय फोडतो. तिथे काय होतं ते सांगत नाही, एवढंच की राखणीच्या कुत्र्याचं काम चोख. मग त्याच्या घरी सापडलेली खातेवहीएवढी जाड रोजनिशी आर्मिटेजकडे येते, सगळी सांकेतिक लिपीत. ते ट्रिथेमियस, व्हिजनेर अशा जुन्या संकेतशास्त्रकारांचे ग्रंथ काढून बसतात, दिवसरात्र. आणि कळतं काय, तर संकेताखालची भाषा साधी इंग्रजीच आहे. ही पानं संदर्भ विभागात काम केलेल्याला चटका लावतात. जेवणाची आठवण नाही, बायकोला उत्तर नाही, फक्त पुढचं पान. भीती कुठल्या आवाजातून येत नाही. ती एका म्हाताऱ्या माणसाला वाचत राहावं लागतंय यातून येते.

गावातल्या भागात एक जागा अशी आहे की तिच्यासाठी विशेषणांचा सगळा ढिगारा माफ. डनविचमध्ये टेलिफोनची तार सामाईक आहे. विल्बरच्या घरातून सुटलेलं अदृश्य काहीतरी एका घरावर चालून येतं, आतली माणसं फोनवर ओरडतात, आणि अख्खं गाव आपापल्या घरात रिसीव्हर कानाला लावून ते घर मोडताना ऐकतं. एमटीएनएलच्या जमान्यात क्रॉस कनेक्शन लागून परक्या घरातली भांडणं ऐकलेल्या माझ्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रातव्याच्या जातीचे पक्षीही झकास वापरलेत: मरणाऱ्याच्या श्वासाबरोबर ते आपला आवाज जुळवतात आणि बाहेर पडणारा आत्मा टिपायला टपून बसतात, असा गावकऱ्यांचा समज. विल्बरच्या वेळी ते काय करतात ते वाचा.

शेवटाला मात्र माझी कसोटी आडवी येते. आर्मिटेज, प्रोफेसर राइस आणि डॉ. मॉर्गन असे तिघे डोंगर चढतात. अदृश्याला दृश्य करण्यासाठी एक पूड आहे, आणि ती फवारायला त्यांनी आणलाय किडे मारायचा पंप. आपला फ्लिटचा पंप! त्या पंपाला मी पैकीच्या पैकी गुण दिले. कसर, वाळवी आणि झुरळं यांच्याशी नोकरीभर झुंजलेल्यालाच हे सुचेल. पण त्यानंतर डोंगरमाथ्यावर जे होतं ते मंत्रोच्चार, हातवारे, गडगडाट. मंत्र ग्रंथातून शोधला, मान्य, पण तिथे उभं राहून तो म्हणायला ग्रंथपालच पाहिजे असं काही राहत नाही. आपल्याकडे नारायण धारपांच्या भयकथांमधले समर्थ हेच काम जास्त रुबाबात करतात, कारण ती शक्ती त्यांच्या ठायी असते आणि वाचकाने ती पहिल्यापासून मान्य केलेली असते. आर्मिटेज इथे उसन्या वस्त्रात वाटतात. एक चतुराई आहे: हा सगळा प्रसंग आपल्याला दिसतो तो पायथ्याशी दुर्बीण घेऊन थांबलेल्या गावकऱ्यांच्या तोंडून. लांबून, तुकड्यातुकड्याने. फक्त त्यांची बोली इंग्रजीत अशी काही लिहिलीय की आमच्या बारावीच्या पोरांनी तिथे हात टेकले, आणि मीही दोन ठिकाणी मोठ्याने वाचूनच अर्थ लावला.

आणखी एक खटकलं. लव्हक्राफ्टचे वंशाबद्दलचे विचार घाणेरडे होते, हे आता सर्वांना माहीत आहे. इथे ते गावकऱ्यांवर निघालेत: आडगावची माणसं म्हणजे बिघडलेल्या रक्ताची, बावळट, मागास. माझं आजोळ सावंतवाडीकडचं. तिथे वळणावळणावर देवचार (गावाचा राखणदार) आहे, आणि त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणारी माणसं हिशेबाला, बोलण्याला आणि कोर्टकचेरीला कुणालाही हार जाणारी नाहीत. त्यामुळे हा भाग वाचताना चीड येते, ती लपवण्यात अर्थ नाही.

जेम्सची कथा याच्या निम्म्याहून लहान. हा माणूस आमच्या पंथातला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा आणि नंतर ईटनचा प्रोव्होस्ट (म्हणजे प्रमुख), त्याआधी फिट्झविल्यम म्युझियमचा संचालक, आणि केंब्रिजच्या कॉलेजांतल्या मध्ययुगीन हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूच्या त्याने केल्या. सूची करणाऱ्या माणसाची भाषा असते तशीच त्याची भाषा, कोरडी आणि नेमकी. एल्ड्रेड नावाचा एक म्हातारा ग्रंथालयात येतो आणि चिठ्ठी देतो: तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातला मिडॉथ हा भाग, नाखमानिदेसच्या टीकेसह, ॲम्स्टरडॅम, १७०७. गॅरेट नावाचा तरुण कर्मचारी रॅककडे जातो. पुस्तक जागेवर नाही. काळ्या झग्यातल्या कुणा ठेंगण्या पाद्र्याने ते आत्ताच घेतलेलं त्याला दिसलंय. दुसऱ्या खेपेला गॅरेट पुन्हा जातो, आणि या वेळी तो पाद्री मान वळवतो. आधी दिसतं ते टक्कल, कोरडं, धुळीचं. मग चेहरा. भुवयांपासून गालांच्या हाडांपर्यंत डोळ्यांवर दाट कोळिष्टकं.

बस्स. एवढंच. रक्त नाही, शिंगं नाहीत. ऑगस्टमधल्या मुंबईच्या ग्रंथालयात, बाहेर पाऊस, आत ओल्या कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास, मागच्या रॅकपाशी थरथरणारी ट्यूबलाइट, अशात हे वाचून दाखवलं तेव्हा डनविचला खिदळणारी पोरं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या परिचर मावशींनी मागच्या रॅकमधलं पुस्तक आणायला चक्क नकार दिला. तासाभराने स्वतःच लांब काठीचा झाडू घेऊन आल्या आणि एकूण एक जळमट काढलं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार होती तेव्हा परिपत्रक काढूनही हे काम झालं नव्हतं.

(ज्यांना कथा कोरी वाचायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा.)

गॅरेट आजारी पडून समुद्रकाठी हवापालटाला जातो. तिथे भेटलेल्या एका बाईंना त्यांच्या मेलेल्या खाष्ट काकाने लपवलेलं मृत्युपत्र शोधायचंय. हाताशी काय आहे? फक्त आकडे: ११३३४. वर्षानुवर्षं त्यांना अर्थ लागलेला नाही. आणि गॅरेटला आठवते त्या चिठ्ठीवरची नोंद, ११.३.३४. कॉल नंबर, पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा! बसवा आता तलाठी त्याच्या जागी. त्याला तो गट नंबर वाटेल आणि बाई जन्मभर सातबारा शोधत बसतील. संपूर्ण कथेचं कुलूप एका कॉल नंबरने उघडतं, आणि ते फक्त रोज चिठ्ठ्या घेऊन रॅककडे धावणाऱ्या माणसालाच उघडता येतं. गॅरेट शूर नाही, विद्वानही म्हणता येणार नाही, त्याला एकही मंत्र येत नाही. त्याला नंबर लक्षात राहतो. मला हवा होता तो ग्रंथपाल हाच.

दोष आहेत. समुद्रकाठी नेमक्या त्याच घरात खोली मिळणं म्हणजे फारच सोय. मुलगी आहे ती जवळपास बक्षीस म्हणून. हिब्रू लिपी इथे केवळ गूढ वाटावी म्हणून येते, ती वाचणाऱ्या माणसांना कथेत जागा नाही. आणि एक व्यावसायिक आक्षेप: १७०७ सालची प्रत सभासदाला पार्सलने घरपोच पाठवतात? आर्मिटेज जी टाळण्यासाठी आयुष्य पणाला लावतात तीच गोष्ट हे ग्रंथालय टपाल हशील लावून करतं. अर्थात तसं केलं नसतं तर गॅरेटला आगगाडीतून त्या पार्सलच्या मागे धावावं लागलं नसतं, आणि तो पाठलाग मला आवडला.

विकत घ्यायचं असेल तर थांबा. दोन्ही लेखकांना जाऊन साठहून अधिक वर्षं झाली (जेम्स १९३६, लव्हक्राफ्ट १९३७), त्यामुळे आपल्याकडे दोघेही स्वामित्वहक्कातून मोकळे आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर दोन्ही कथा फुकट मिळतात, लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेल्या ऐकताही येतात. काळ्या मुखपृष्ठाच्या, सोनेरी कडांच्या, वर सोंडा काढलेल्या जाड लव्हक्राफ्ट आवृत्त्या भेट द्यायला ठीक, वाचायला नकोत. टाइप बारीक, पान पातळ, आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून ते धूड एका हाताने पेलत नाही. किंग्ज सर्कलला किंवा फाउंटनच्या फुटपाथवर जुना पेपरबॅक शोधा. लव्हक्राफ्ट बहुधा मिळतो, जेम्ससाठी वाट बघावी लागते. मोठ्याने वाचायला जेम्सला पाऊण-एक तास पुरतो. डनविचला दोन तास आणि प्यायला पाणी ठेवा.

मुलांना द्यायची तर आधी जेम्स द्या. डनविच आधी दिली की पुढचं सगळं त्यांना संथ वाटतं आणि मग जळमटांची भीती वाया जाते. आमच्याकडे दोघे एकत्र सापडणार नाहीत: लव्हक्राफ्ट अमेरिकन, म्हणून ८१३.५२; जेम्स इंग्रज, म्हणून ८२३.९१२. भुतं म्हणून १३३.१ च्या रॅकपाशी शोधत बसू नये, तिथे खऱ्या भुतांची पुस्तकं असतात. जेम्सची एकमेव प्रत सध्या बाहेर आहे, काउंटरवर नाव नोंदवा. लव्हक्राफ्ट जागेवर आहे. त्याचं शेवटचं पान कुणीतरी फाडलंय, आणि घेणाऱ्याने घेतलं तेव्हाच ते तसं होतं म्हणे.